आईचे इन्सुलिन बदलताना: प्रकल्प नोंदी

सोमवार, २ जून २०२५

बारावीच्या मुलांकडून रसायनशास्त्राचे प्रकल्प करून घेताना मी पहिल्याच तासाला बजावते, की निरीक्षण ज्या दिवशी झाले त्याच दिवशी ते वहीत उतरले पाहिजे. आठवड्याने आठवून लिहिलेले निरीक्षण म्हणजे गोष्ट असते. तोच नियम आता स्वतःला लावायचा आहे. आईचे इन्सुलिन बदलायचे ठरत आहे आणि डॉक्टरांनी त्याआधी निदान चार-पाच दिवसांच्या साखरेच्या नोंदी मागितल्या आहेत.

आजची स्थिती अशी. आईचे वय ७१, वजन ५८ किलो, मधुमेह १९ वर्षांचा, इन्सुलिन ६ वर्षांपासून. सकाळी साडेसातला नाश्त्याआधी एनपीएच या मध्यम काळ टिकणाऱ्या इन्सुलिनचे १८ युनिट आणि रात्री आठला जेवणाआधी १२ युनिट, म्हणजे दिवसाला ३०. शिवाय दोन्ही वेळा मेटफॉर्मिनची गोळी. इन्सुलिन ४० युनिट प्रति मिलिलिटरच्या बाटलीतले, सिरिंज लाल टोपणाची. बदलाचे निमित्त गेल्या गुरुवारच्या पहाटेचे: तीनच्या सुमारास आई घामाने भिजून उठली, बोलणे अडखळत होते आणि ग्लुकोमीटरवर आकडा आला ६१. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली तेव्हा ८८ झाली. सकाळी उपाशीपोटी मात्र २०१. अशा सकाळच्या आकड्याकडे पाहून रात्रीचे इन्सुलिन वाढवावे असे कोणालाही वाटेल, आणि गेल्या वर्षी आम्ही नेमके तेच केले होते: १० चे १२.

गुरुवार, ५ जून

चार रात्री तीनचा गजर लावून घेतलेल्या नोंदी: ७८, ६४, १०२, ७१. सकाळी सातच्या नोंदी: १७२, १८८, ९६, १४१. मात्रा तीच, जेवण जवळपास तेच, तरी आकडे असे उड्या मारतात.

एक कारण आज डोळ्यांसमोर आले. एनपीएच हे गढूळ इन्सुलिन. त्याचे बारीक स्फटिक बाटलीच्या तळाशी बसतात, म्हणून दर वेळी बाटली तळहातांत सावकाश, निदान दहा-बारा वेळा तरी फिरवून सगळे एकजीव करावे लागते. आई ती दोनदा फिरवते आणि भरते. तिला टोकले तर म्हणाली, "अगं, सहा वर्षं अशीच घेतेय." म्हणजे एखाद्या दिवशी वरचे पाणचट आणि एखाद्या दिवशी तळचे दाट, असे सहा वर्षे चालले असणार. हे मी डॉक्टरांना सांगणार आहे, कारण दोष औषधाचा किती आणि आमच्या हाताचा किती हे आधी वेगळे व्हायला हवे.

शनिवार, ७ जून

डॉक्टरांकडे जवळजवळ पाऊण तास गेला. बाटली फिरवण्याची गोष्ट त्यांनी लिहून घेतली, पण म्हणाले की नीट फिरवूनही पहाटेची घसरण थांबेलच असे नाही, कारण ती एनपीएचच्या स्वभावातच आहे. रात्री आठला घेतलेले एनपीएच साधारण चार ते दहा तासांत शिखरावर जाते, म्हणजे माणूस गाढ झोपेत आणि पोट रिकामे असताना त्याचा जोर सर्वांत जास्त. सकाळी सातला, जेव्हा यकृत साखर सोडू लागते, तेव्हा तो ओसरत आलेला. डेन्मार्कच्या हागेडॉर्न यांनी ट्राउट माशाच्या शुक्रद्रवातले प्रोटामिन हे प्रथिन इन्सुलिनला जोडून त्याचे काम लांबवले ते १९३६ साली, आणि एनपीएच त्यातूनच १९४६ मध्ये तयार झाले. जवळपास ऐंशी वर्षांचे औषध आहे; त्याने असंख्य माणसे जगवली आहेत हे विसरून त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण त्याच्या आलेखाला उंचवटा आहे आणि तो उंचवटा आमच्या घरात पहाटे तीनला येतो.

दीर्घकाळ टिकणाऱ्या इन्सुलिनचे पर्याय तीन निघाले: मिलिलिटरला १०० युनिटचे नेहमीचे ग्लार्जिन, ३०० युनिटचे दाट ग्लार्जिन आणि डेग्लुडेक. डेग्लुडेकचा परिणाम ४२ तासांच्याही पुढे टिकतो आणि त्याची पातळी शरीरात स्थिर व्हायला तीन-चार दिवस जातात. ३०० च्या ग्लार्जिनला स्थिर व्हायला निदान पाच दिवस लागतात आणि तेवढ्याच परिणामासाठी साध्या ग्लार्जिनपेक्षा युनिट बहुधा थोडे जास्त लागतात. दोन्ही सपाट, दोन्ही रात्री सुरक्षित, दोन्ही महाग. साध्या ग्लार्जिनला अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली, आपल्याकडे त्याचे भारतीय कंपन्यांचे पर्यायही मिळतात आणि २०२२ मध्ये ते देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले. डॉक्टरांनी तेच निवडले. वर्षानुवर्षे घ्यायचे औषध महिन्याच्या शेवटी परवडेनासे झाले तर त्याच्या सपाट आलेखाचा काय उपयोग, हा त्यांचा मुद्दा मला पटला.

मात्रेचा हिशेब मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, म्हणून तपशिलाने लिहिते. एनपीएच दिवसातून एकदाच असते तर युनिटला युनिट असा बदल चालला असता. ते दोनदा असल्यामुळे एकूण मात्रेच्या ८० टक्क्यांपासून सुरुवात करायची. ३० चे ८० टक्के म्हणजे २४. वेळ रात्रीची नव्हे, सकाळची, कारण वयस्क माणसाला रात्रीचा धोका आधी टाळायचा असतो. आईसाठी उपाशीपोटी साखरेचे लक्ष्य १०० ते १४० ठरले. तरुण माणसाला यापेक्षा खालचे लक्ष्य दिले असते, पण एकाहत्तराव्या वर्षी पडून खुबा मोडण्यापेक्षा १४० बरे, हे डॉक्टरांचे शब्द. हे सगळे आकडे आईच्या कागदावरचे आहेत, दुसऱ्या कोणाच्या नव्हेत. गल्लीतल्या दोघींनी एवढ्यातच विचारणा केली आहे, म्हणून हे इथेच लिहून ठेवते.

मंगळवार, १० जून

इन्सुलिन टोचायचे पेन आणि त्यात बसणारी औषधाची नळी, म्हणजे कार्ट्रिज, आणण्यात आजचा अख्खा दिवस गेला. पेन एका कंपनीचे घेतले, आणि दुसऱ्या दुकानात "ग्लार्जिनच आहे, घ्या बिनधास्त" म्हणून मिळालेले कार्ट्रिज दुसऱ्या कंपनीचे निघाले. ते पेनमध्ये अर्धे शिरले आणि अडकले. औषध एक असले तरी कार्ट्रिजचा गळा आणि आतला दट्ट्या ज्याच्या त्याच्या पेनसाठी बेतलेला असतो. दुकानदाराने आधी "जोर लावा" असे सुचवले. जोर लावून बसलेल्या कार्ट्रिजमधून २४ ऐवजी किती जाईल याचा भरवसा कोणी द्यायचा, असे विचारल्यावर परत घेतले. यापुढे चिठ्ठीवर औषधाच्या नावाबरोबर पेनचे नावही लिहून नेणार.

गुरुवार, १२ जून

रंगीत तालीम. पेन, सुई, उशीवर टोचण्याचा सराव. आईने कार्ट्रिज खिडकीच्या उजेडात धरले आणि बराच वेळ पाहत राहिली.

"हे तर पाणी आहे. यात औषध कुठाय?"

तिची शंका रास्त होती. सहा वर्षे तिला शिकवले गेले, की दुधासारखे दिसते ते चांगले इन्सुलिन, आणि फिरवूनही त्यात गुठळ्या राहिल्या किंवा ते पांढरे झालेच नाही तर बाटली टाकून द्यायची. आता नियम नेमका उलटा: ग्लार्जिन काचेसारखे स्वच्छ असले तरच घ्यायचे, जरा गढूळ दिसले तरी टाकायचे. ज्या खुणेवर हात विसंबतो तीच खूण फिरली, की चूक व्हायला वेळ लागत नाही. म्हणून मी जुन्या बाटलीवर "फिरवायची" आणि नव्या पेनवर "फिरवायचे नाही, स्वच्छ हवे" अशा चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. चार दिवस दोन्ही फ्रिजच्या एकाच कप्प्यात राहणार आहेत.

स्वच्छ का, हे तिला सांगताना माझ्यातली मास्तरीण जागी झाली. ग्लार्जिनच्या रेणूत मूळ इन्सुलिनपेक्षा तीनच फेरफार आहेत: ए साखळीच्या टोकाच्या, २१ व्या जागी ॲस्पॅराजिनऐवजी ग्लायसिन, आणि बी साखळीच्या शेवटी दोन आर्जिनिन जास्तीचे. त्यामुळे ते आम्लात, म्हणजे सुमारे ४ पीएचला, पूर्ण विरघळते आणि शरीराच्या ७.४ पीएचला त्याचा साका बसतो. कार्ट्रिजमध्ये आम्ल, म्हणून स्वच्छ. कातडीखाली गेल्यावर त्याचे बारीक कण होतात आणि ते दिवसभर हळूहळू विरघळत राहतात. थोडक्यात, एनपीएच बाटलीतच गढूळ असते आणि हे आत गेल्यावर गढूळ होते. आई म्हणाली, "म्हणजे विरजण आत लागतं." वर्गात सांगायला मला याहून चांगली उपमा सुचली नसती. या आम्लामुळेच ते कुठल्याही दुसऱ्या इन्सुलिनमध्ये मिसळायचे नसते आणि टोचताना कधी कधी किंचित चुरचुरते.

आज आणखी एक काम केले, कदाचित सगळ्या प्रकल्पातले सर्वांत उपयोगी: घरातल्या लाल टोपणाच्या सिरिंज मोजून बाहेर काढल्या, अकरा निघाल्या. कारण साधे आहे. लाल टोपणाची सिरिंज ४० युनिटच्या बाटलीसाठी असते. तिच्यावरची २४ ची खूण म्हणजे ०.६ मिलिलिटर. पेन कधी बिघडले आणि कोणी समजूतदारपणे त्याच सिरिंजने १०० युनिटच्या कार्ट्रिजमधून २४ च्या खुणेपर्यंत भरले, तर आत जातील ६० युनिट. अडीचपट. हे करणारा माणूस निष्काळजी असायची गरज नाही. सिरिंज हाताशी असणे पुरेसे आहे. पेन बिघडले तर काय करायचे, याचे उत्तर म्हणून दुसरे पेन आणून ठेवले आहे.

शनिवार, १४ जून

दवाखान्यातल्या सिस्टरांनी आईचे पोट तपासले. बेंबीच्या डाव्या बाजूला दोन बोटे रुंदीचा, कच्च्या पेरूसारखा टणक भाग हाताला लागला. माझ्याही बोटांना त्यांनी तो दाबून दाखवला. आई उजव्या हाताने टोचते, म्हणून तिचा हात नेहमी तिथेच जातो. शिवाय त्या जागी दुखत नाही, म्हणून ती जागा तिची लाडकी. वारंवार टोचल्याने चरबी अशी घट्ट होते आणि तिथून इन्सुलिन कधी उशिरा, कधी कमी, कधी एकदम शोषले जाते. ५ जूनच्या नोंदीतल्या उड्यांचे हे दुसरे कारण.

यातून एक पेच निघतो. सोमवारपासून इन्सुलिन नवे आणि जागाही नवी. निरोगी कातडीतून तेवढेच इन्सुलिन जास्त लागू पडेल, म्हणजे साखर घसरली तर ती औषधाने की जागेने, हे मला ओळखता येणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी हा प्रयोगाचा पहिला धडा मी इथे मोडत आहे, पण टणक जागी टोचत राहणे हा काही पर्याय नव्हे. डॉक्टरांनी फोनवर सांगितले, की म्हणूनच पहिला आठवडा मात्रा २४ च्या वर न्यायची नाही, सकाळचा आकडा कितीही येवो. पोटाचे चार भाग आणि दोन मांड्या असे सहा भाग पेनाने आखून दिले. एका आठवड्यात एकच भाग, आणि त्यातही रोज बोटभर सरकून.

सोमवार, १६ जून

काल रात्री आठला एनपीएच १२, शेवटचे. आज सकाळी आठला ग्लार्जिन २४, पोटाच्या उजव्या वरच्या भागात. आधी २ युनिट हवेत सोडून सुईच्या टोकाशी थेंब दिसल्याची खात्री केली. टोचल्यावर दहा आकडे मोजून मग सुई बाहेर काढली. आईने दहाऐवजी मारुती स्तोत्राचा पहिला श्लोक म्हटला. वेळ पुरेसा होतो, मी घड्याळ लावून पाहिले.

नोंदी: सकाळी १५२, दुपारी जेवणाआधी १६६, रात्री जेवणाआधी १८९.

गुरुवार, १९ जून

उपाशीपोटी तीन दिवस: १८४, १७१, १७६. पहाटे तीनला: १३९, १४४, १३२.

पहाटेच्या आकड्यांनी जीव भांड्यात पडला आणि सकाळच्या आकड्यांनी हात शिवशिवू लागले. ग्लार्जिनची पातळी शरीरात स्थिर व्हायला दोन ते चार दिवस जातात. आजचा आकडा आजच्या टोचण्याचा एकट्याचा नसतो, त्यात कालपरवाचाही वाटा असतो. रोज आकडा पाहून रोज मात्रा बदलणारा माणूस म्हणजे गिझर चालू केल्यावर दर मिनिटाला नळ फिरवणारा. सात दिवस पुरे होईपर्यंत थांबायचे.

सोमवार, २३ जून

सात दिवस झाले. एकही आकडा १०० च्या खाली नाही. डॉक्टरांच्या सांगण्यावरून उद्यापासून २६. नियम असा: सलग तीन सकाळी लक्ष्याच्या वर आणि कुठेही घसरण नसेल तर २ ने वाढ; एकदाही ७० च्या खाली गेली आणि कारण सापडले नाही, तर १० ते २० टक्के कपात.

रविवार, २९ जून

सकाळ: १४८, १३९, १४३, १३६, १३१. रात्र शांत. पण दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी घेतलेले आकडे २३६, २४८, २२१. एनपीएचवर असताना हाच आकडा १६० च्या आसपास असे.

मी सरळ २८ करायला निघाले होते. डॉक्टरांनी अडवले आणि जे सांगितले, त्याने या सगळ्या बदलाकडे पाहण्याची माझी नजरच फिरली. एनपीएचचे सकाळचे १८ युनिट बारा ते तीनच्या दरम्यान शिखरावर यायचे. म्हणजे नाव पायाभूत, म्हणजे जेवणाशी संबंध नसलेल्या दिवसभराच्या गरजेच्या, इन्सुलिनचे असले, तरी ते गुपचूप दुपारच्या जेवणाचेही काम करत होते. ग्लार्जिनला ते शिखर नाही. आम्ही युनिटांचा हिशेब ३० वरून २४, २४ वरून २६ असा चोख केला, पण दुपारच्या भाकरीला जो टेकू होता तो काढून घेतला, हे आमच्या हिशेबात कुठेच नव्हते. तो टेकू २४ तास चालणाऱ्या इन्सुलिनची मात्रा वाढवून परत मिळत नाही. तसे करायला गेले तर दुपार थोडी उतरेल आणि रात्र पुन्हा ६१ वर जाईल. वजनाच्या निम्म्या आकड्यापर्यंत, म्हणजे ५८ किलोला २९ युनिटपर्यंत आलो, की मात्रा वाढवण्याआधी थांबून विचार करायचा, ही त्यांची खूणगाठ.

मग मी घराचे वेळापत्रक लिहून काढले. सकाळी अकराला दोन बिस्किटे आणि चहा. जेवण ठीक साडेबाराला, पाहुणे असोत वा नसोत. चारला केळे किंवा चुरमुरे. रात्री झोपताना कपभर दूध आणि एक खारी. यातले आईला आवडते म्हणून काय आणि इन्सुलिनला घालायला म्हणून काय, असे एकेक विचारत गेले तेव्हा कळले, की अकराची बिस्किटे, चारचे केळे आणि रात्रीचे दूध हे तिन्ही सहा वर्षांपूर्वी एनपीएच सुरू झाल्यावर, साखर उतरू नये म्हणून आलेले आहेत. इन्सुलिनला घालायचे म्हणून ती खात होती. वहिनी तिला पंढरपूरला येण्याचा आग्रह करत असताना "माझं साडेबाराचं जेवण" म्हणून तिने दर वेळी नाही म्हटले, तेही याच वेळापत्रकामुळे. एनपीएच घरातून गेले, पण त्याच्यासाठी मांडलेली पाने अजून वाढली जात होती. आता ती साखर घेणारे कोणी नव्हते, म्हणून ती रक्तात राहत होती.

डॉक्टरांशी बोलून ठरले: अकराची बिस्किटे बंद, चारला केळ्याऐवजी मूठभर फुटाणे, तेही भूक असेल तरच, दुपारी दोन भाकऱ्या आणि भात याऐवजी दीड भाकरी, भात रात्री पळीभर. झोपतानाचे दूध आठवडाभर तसेच, मग तीनचे आकडे पाहून बंद. मात्रा २६ च.

बुधवार, २ जुलै

न्यू जर्सीच्या मावसबहिणीचा फोन. तिला टाइप १ मधुमेह आहे, आणि माझ्या वहीबद्दल ऐकून ती हसली. तिच्यावर हा बदल लादला गेला होता. ती वर्षानुवर्षे डेटेमिर नावाचे इन्सुलिन घेत होती, सकाळी आणि रात्री. कंपनीने अमेरिकेत ते बंद करायचे ठरवले: पेन १ एप्रिल २०२४ पासून आणि बाटल्या ३१ डिसेंबर २०२४ नंतर नाहीत. ती बाटलीवाली असल्यामुळे शेवटपर्यंत थांबली आणि मग डेग्लुडेकवर गेली.

तिची तक्रार औषध वाईट असल्याची नाही. डेटेमिरला एक चरबीचे आम्ल जोडलेले असते; त्याच्या आधारे ते रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहते आणि हळूहळू सुटते, पण अनेकांना ते दिवसभर पुरत नाही, म्हणून दोनदा घ्यावे लागते. लोक याला उणीव म्हणतात. तिला ती सोय होती. शनिवारी सकाळी लांब धावायचे असेल तर ती फक्त सकाळची मात्रा कमी करायची. डेग्लुडेकचा अर्धा भाग शरीरातून जायलाच सुमारे २५ तास लागतात, त्यामुळे आज कमी केलेली मात्रा उद्या-परवा जाणवते. धावण्याच्या दिवसासाठी त्यात हात घालता येत नाही, खाऊन किंवा जेवणाचे इन्सुलिन कमी करून भागवावे लागते. उलट रात्रपाळीच्या आठवड्यात टोचण्याची वेळ पुढेमागे झाली तरी काही बिघडत नाही; दोन मात्रांत निदान आठ तासांचे अंतर ठेवले की झाले. सुरुवातीला तिच्या डॉक्टरांनी एकूण मात्रा थोडी कापली होती. अमेरिकेतले माहितीपत्रक मोठ्यांना युनिटला युनिट सांगते. युरोपातले मात्र टाइप १ मध्ये किंवा आधी दोनदा घेत असल्यास २० टक्के कपातीचा विचार करायला सांगते.

तिचेही दुखणे तेच होते, फक्त उलट्या बाजूने: आमच्या घरातून एक शिखर गेले, तिच्या घरातून एक सांधा गेला.

रविवार, ६ जुलै, आषाढी एकादशी

एनपीएचच्या काळात आईचा उपास डॉक्टरांनी बंद केला होता. एकदा एकादशीला दुपारी चारला तिला ५८ चा आकडा आला होता. या वेळी विचारले तर त्यांनी परवानगी दिली, अट एवढीच की आकडे चार वेळा घ्यायचे आणि १०० च्या खाली येऊ लागले तर उपास सोडायचा. शिखर नसलेल्या इन्सुलिनवर जेवणाची वेळ हुकली तरी भीती बरीच कमी असते. आज घ्यायची मात्रा २४ ठरली.

भीती कमी झाली, साबुदाणा मात्र होता तिथेच होता. सकाळी दहाला बशीभर खिचडी, दोन तासांनी २६२. उपासाला साखर उतरण्याची काळजी करत बसलेल्या आम्हा दोघींना हसू आवरेना. दुपारी वरीचा भात थोडा, शेंगदाण्याची आमटी जास्त, काकडीची कोशिंबीर; दोन तासांनी १९४. संध्याकाळी सातला १३८. खाली कुठेच गेली नाही. पुढच्या एकादशीला खिचडी चार चमचे, हे आईने स्वतःच्या अक्षरात वहीत लिहिले आहे.

शुक्रवार, ११ जुलै

रात्रीचे दूध पाच दिवसांपूर्वी बंद केले. पहाटे तीन: १२१, ११८, १२६, ११४. सकाळी सात: १५१, १४६, १५६, १४९. दुपारी जेवणानंतर आता १७० ते १८५.

तीन ते सातच्या दरम्यान ३० ने चढ आहे. दोन कारणे संभवतात: सकाळी आठला घेतलेले ग्लार्जिन बाविसाव्या-तेविसाव्या तासाला संपत आले असेल, किंवा पहाटेच्या संप्रेरकांमुळे यकृत साखर सोडत असेल. वेळ रात्रीची केली तर शेपटीचा भाग संध्याकाळी येईल आणि कारण कळेल, पण तेवढ्यासाठी रात्रीचा धोका पुन्हा घरात आणायचा नाही, असे डॉक्टरांचे मत. १५० हा आकडा लक्ष्याच्या दहाने वर आहे, आणि तो खाली आणायला २८ केले तर पहाटेचा ११४ कुठे जाईल याचा भरवसा नाही. मात्रा २६ वर ठेवली. मला हे रुखरुख लावणारे आहे; मुलांच्या प्रकल्पात अर्धवट राहिलेले कारण मी खपवून घेत नाही.

रविवार, २० जुलै

कार्ट्रिजचा हिशेब. एका कार्ट्रिजमध्ये ३ मिलिलिटर, ३०० युनिट. रोजचे २६ आणि हवेत सोडायचे २, असे २८. दहा दिवसांत २८० जातात आणि अकराव्या दिवशी २० उरतात. ते टाकवत नाहीत, आणि २६ ला पुरतही नाहीत. पहिल्या वेळी आईने ते २० टोचले आणि "उरलेले ६ दुपारी घेईन" म्हणाली, दुपारी विसरली. त्या दिवसानंतरची सकाळ १७८. आता ठरले आहे, की अकराव्या दिवशी जुने बाजूला ठेवून नवे लावायचे. उघडलेले ग्लार्जिन ३० अंशांच्या आत २८ दिवस चालते, तोवर आमची दोन संपतात, त्यामुळे तो नियम आम्हाला जाचत नाही. न उघडलेली फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. गोठून वितळलेले इन्सुलिन स्वच्छ दिसले तरी वापरायचे नाही.

फ्रिजच्या दारात एनपीएचची एक न उघडलेली बाटली अजून आहे. परत जावे लागले तर असू दे, म्हणून डॉक्टरांनी महिनाभर ठेवायला सांगितली होती.

रविवार, २७ जुलै

गेल्या चौदा दिवसांत ७० च्या खाली एकही आकडा नाही. सर्वांत खालचा १०४, सर्वांत वरचा २१७, आणि तो पुरणपोळीचा आहे. वजन ५७.२. तीनचा गजर आता आठवड्यातून एकदाच, शनिवारी. एनपीएचची बाटली काल दवाखान्यात देऊन आले. ती कोणा गरजूला द्यायची की नाही हे तिथल्या सिस्टर ठरवतील. आईच्या उशाशी साखरेची डबी तशीच आहे आणि ती काढायची नाही.

डाव्या बाजूचा टणक भाग सिस्टरांना आज किंचित मऊ वाटला, मला नाही. पुढची एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, बदलाला १४ आठवडे होतील त्या दिवशी, सोमवारी २२ सप्टेंबरला. त्याआधी मात्रेत बदल नाही. आई परवा वहिनीबरोबर पंढरपूरला निघाली आहे. दोन पेन, सुयांची पाकिटे, ग्लुकोमीटर, फुटाणे आणि डॉक्टरांची चिठ्ठी पिशवीत भरून झाली. जेवण किती वाजता, हे तिने वहिनीला विचारलेले नाही.